दोन सर्व्हर, एक ॲप आणि पुसलेलं व्हेन्व्ह: आम्ही डिप्लॉयची पद्धत कशी बदलली

हे प्रकरण ऑक्टोबर २०२३ मधलं. ॲप तसं साधंच होतं, फ्लास्कमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क) लिहिलेलं, मागे पोस्टग्रेस डेटाबेस, रिपोर्ट आणि पीडीएफ बनवायला एक सेलरी वर्कर (पडद्यामागे कामं उरकणारी प्रोसेस), फ्रंटएंड रिॲक्टचं. टीम चार जणांची. ॲप दोन सर्व्हरवर चालायचं, डेटाबेस वेगळ्या मशीनवर, आणि सगळ्यांच्या पुढे एका छोट्या मशीनवर एनजिनएक्स, जो दोघांना आळीपाळीने रिक्वेस्ट द्यायचा. डिप्लॉय, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवणं, एक शेल स्क्रिप्ट करायची. ती एसएसएचने दोन्ही सर्व्हरवर जायची, गिट पुल मारायची (ताजा कोड आणायची), पिप इन्स्टॉल करायची (पायथनची पॅकेजेस बसवायची), फ्रंटएंडचं बिल्ड पण तिथेच सर्व्हरवर करायची, मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) चालवायची आणि शेवटी गनिकॉर्न, म्हणजे ॲप चालवणारा पायथन सर्व्हर, रिस्टार्ट करायची. तीन वर्षं ही स्क्रिप्ट चालली, आणि चांगली चालली, त्यामुळे तिच्यात काय काय गृहीत धरलंय हे कोणी उघडून बघितलंच नव्हतं.

मग दुसऱ्या सर्व्हरची डिस्क गेली. नवीन मशीन घेतलं, त्यावर उबुंटू २२.०४ टाकलं (पहिल्यावर २०.०४ होतं), स्क्रिप्ट चालवली, शेवटपर्यंत गेली, कुठे लाल अक्षर दिसलं नाही. झालं म्हणून सगळे आपापल्या कामाला लागले.

खरं तर नव्या सर्व्हरवरचं ॲप एकदाही उठलं नव्हतं. गनिकॉर्न सुरू व्हायचं, दोन सेकंदात मरायचं, सिस्टमडी (लिनक्सवर प्रोसेस सुरू-बंद करणारी व्यवस्था) पाच सेकंदांनी परत उठवायचं, परत मरायचं. आमच्या युनिट फाइलमध्ये (सिस्टमडीची सेटिंग फाइल) टाइप सिंपल होता, आणि सिंपलमध्ये प्रोसेस सुरू झाली की सिस्टमडीच्या दृष्टीने काम झालं, पुढच्या सेकंदाला ती मेली तरी रिस्टार्ट कमांड यशस्वी म्हणूनच परत येते. म्हणून स्क्रिप्टला काही कळलं नाही. आणि लोकांनाही कळलं नाही, कारण एनजिनएक्सला एखाद्या सर्व्हरने कनेक्शनच नाकारलं तर तो गपचूप दुसऱ्याकडे जातो आणि पहिल्याला डिफॉल्टने १० सेकंद बाजूला ठेवतो. चांगली सोय आहे ही. पण आमच्याकडे त्यावर लक्ष ठेवणारं काहीच नव्हतं, त्यामुळे चार दिवस सगळा भार एकट्या जुन्या सर्व्हरवर आणि आम्ही समजतोय की दोन चालू आहेत.

सोमवारी गर्दी वाढली, पानं उघडायला वेळ लागायला लागला. बघितलं तर जुन्या सर्व्हरचा सीपीयू पूर्ण भरलेला आणि नवा एकदम शांत. याचा अर्थ आम्ही नेमका उलटा लावला. नवा तर आत्ताच बनवलाय, तो नीटच असणार, बिघाड जुन्यातच आहे, तीन वर्षांचं व्हेन्व्ह (ॲपच्या पायथन पॅकेजेसचं फोल्डर) आहे, काहीतरी साचलं असेल. आमच्यातल्या एकाने जुन्या सर्व्हरवरचं व्हेन्व्ह डिलीट केलं आणि नव्याने इन्स्टॉल मारलं. दोन मिनिटांनी चॅटवर मेसेज आला, "अरे, तू आत्ता काय केलंस? साइटच गेली."

लॉग उघडल्यावर एरर लगेच दिसला. वर्कझ्यूगच्या यूआरएल्स मॉड्यूलमधून यूआरएल-कोट नावाचं फंक्शन इम्पोर्ट होत नाहीये. नव्या सर्व्हरवर बघितलं तर तिथेही तोच एरर, चार दिवसांपासून दर काही सेकंदांनी.

कारण असं की आमच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी) फ्लास्क २.२.२ असं पक्कं लिहिलेलं होतं, पण फ्लास्क ज्याच्यावर उभा आहे तो वर्कझ्यूग फाइलमध्ये नव्हताच. फ्लास्क २.२ ची अट एवढीच की वर्कझ्यूग २.२ किंवा त्याच्या पुढचं काहीही चालेल, वरची मर्यादा नाही. सप्टेंबर २०२३ च्या अगदी शेवटी वर्कझ्यूग ३.० आलं आणि त्यातून ते फंक्शन काढून टाकलेलं होतं. जुन्या सर्व्हरवर आधीचं २.२ बसलेलं होतं, आणि पिपला अट आधीच पूर्ण होताना दिसली की तो त्या पॅकेजला हात लावत नाही, म्हणून तिथे वर्षभर काही बदललं नाही. नव्या मशीनवर मात्र सगळं कोरं, त्याने त्या दिवशीचं सगळ्यात ताजं आणलं. फाइल तीच, स्क्रिप्ट तीच, तरी दोन सर्व्हरवर वेगवेगळं सॉफ्टवेअर.

वर्कझ्यूग ३ च्या खाली असं फाइलमध्ये लिहिलं, ॲप उठलं, हुश्श केलं. १५ मिनिटांनी रिपोर्टचं पान फुटलं. एसक्यूएलअल्केमी (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) पण मोकळीच, म्हणजे व्हर्जन पक्कं न केलेली, होती, ती आता २.० झाली होती (जानेवारी २०२३ ची रिलीज), आणि त्यात इंजिनवर थेट एक्झिक्यूट मारायची सोय काढलेली आहे. आमचे जुने रिपोर्ट सगळे त्याच्यावरच. ती १.४ वर आणली, मग तिसरंच काहीतरी निघालं. आणि इथे आम्ही खरे अडकलो, कारण काल चालत होतं ते नक्की काय होतं याची नोंद जगात एकाच ठिकाणी होती, त्या व्हेन्व्हमध्ये, आणि तेच आम्ही पुसलं होतं. शेवटी एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर साधारण त्याच काळात बनवलेलं व्हेन्व्ह सापडलं, तिथून पिप फ्रीझने बसलेल्या पॅकेजेसची व्हर्जनसकट यादी काढली, दोन्ही सर्व्हरवर तशीच्या तशी टाकली आणि साइट परत आली. २ तास २० मिनिटं.

दुसऱ्या दिवशी बसलो तर पहिलंच वाक्य आलं, डॉकर (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका बंद पॅकेटमध्ये, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) करून टाकू, विषय संपला. मी तेव्हा अडलो, आणि अजूनही मला वाटतं की अडणं बरोबर होतं. रिक्वायरमेंट्स फाइल तशीच मोकळी ठेवून डॉकर केलं असतं तरी वर्कझ्यूग ३ तसंच आत आलं असतं. आमचा सर्व्हर दोन कामं करत होता, ॲप बनवायचंही आणि चालवायचंही. प्रत्येक सर्व्हर स्वतःच्या स्वयंपाकघरात स्वतःच स्वयंपाक करत होता आणि आम्ही दोन्ही ताटांत एकच पदार्थ आहे असं धरून चाललो होतो. म्हणून आधी ठरवलं ते एवढंच: ॲप एकाच ठिकाणी, एकदाच बनणार, त्यावर टेस्ट होणार, आणि तीच तयार वस्तू सगळीकडे जाणार, सर्व्हरने फक्त ती घ्यायची आणि सुरू करायची. वस्तू टारमध्ये (फाइल्सचं गाठोडं) गुंडाळायची, डेबमध्ये (उबुंटूचं पॅकेज) की कंटेनरमध्ये, हा त्यानंतरचा प्रश्न.

लॉक फाइलचं, म्हणजे सगळी व्हर्जन पक्की करणाऱ्या यादीचं, काम त्याच दिवशी केलं. पिप-टूल्सने थेट आणि आतल्या सगळ्या पॅकेजेसची नेमकी व्हर्जन आणि हॅश (फाइलचा ठसा) असलेली यादी काढायला लागलो, आता हॅश जुळला नाही तर इन्स्टॉल थांबतं. फ्रंटएंडला, जिथे जावास्क्रिप्टची पॅकेजेस एनपीएम आणतो, एनपीएम इन्स्टॉलच्या जागी एनपीएम सीआय, जे लॉक फाइलच्या बाहेर जातच नाही. पण व्हर्जन पक्कं केलं म्हणजे डिप्लॉयच्या क्षणी ते पॅकेज बाहेर मिळेलच असंही नाही. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरची बिल्डं अडकली, ज्यांनी ते नावही ऐकलं नव्हतं त्यांचीसुद्धा. सर्व्हरने डिप्लॉयच्या वेळी इंटरनेटवरून काही आणायचंच नाही, हे तिथून आलं.

आता पॅकिंग. माझी पसंती टारला होती. सीआयवर (कोडचं बिल्ड आणि टेस्ट आपोआप करणारी मशीन) व्हेन्व्हसकट सगळं बनवायचं, टार करायचं, सर्व्हरवर रिलीजेस नावाच्या फोल्डरमध्ये कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या) नावाने उघडायचं, आणि करंट नावाची सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक) नव्या फोल्डरकडे वळवायची. मागे जायचं तर लिंक परत जुन्याकडे. कळायला सोपं, सिस्टमडी तोच, शिकायला नवीन काही नाही. दोन बारकावे मात्र आहेत. व्हेन्व्हच्या बिन फोल्डरमधल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत पूर्ण पाथ लिहिलेला असतो, त्यामुळे ते एका जागी बनवून दुसऱ्या जागी हलवता येत नाही, ज्या पाथवर चालणार त्याच पाथवर बनवावं लागतं. आणि लिंक वळवताना एलएन कमांडची जुनी व्हर्जन आधी जुनी लिंक काढतात आणि मग नवी बनवतात, मधल्या क्षणी तिथे काहीच नसतं. म्हणून नवी लिंक वेगळ्या नावाने बनवायची आणि एमव्हीने जुनीच्या जागी सरकवायची, ते एका झटक्यात होतं.

हे सगळं बसवलं आणि जुन्या सर्व्हरवर चाललंच नाही. व्हेन्व्हमध्ये पायथन स्वतः नसतो, सिस्टमच्या पायथनकडे फक्त लिंक असते. सीआय २२.०४ वर, तिथे पायथन ३.१०, जुन्या सर्व्हरवर ३.८. बरं, पायथन पण सोबत बांधून नेऊ म्हटलं, तर २२.०४ वर बनवलेला पायथन तिथल्या ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३५ ला जोडलेला आणि २०.०४ वर ग्लिबसी २.३१, सुरू होताच पाहिजे ते व्हर्जन सापडत नाही म्हणून बंद. मग उलटं करून बघितलं, जुन्यावर बनवून नव्यावर न्यायचं. ग्लिबसीच्या बाबतीत हे चालतं, जुन्यावर बनलेलं नव्यावर बहुतेक वेळा नीट चालतं. पण २०.०४ वर ओपनएसएसएल (एनक्रिप्शनची लायब्ररी) १.१ आहे आणि २२.०४ वर फक्त ३, त्यामुळे पायथनचा एसएसएल मॉड्यूल लोड होईना. दोन्ही सर्व्हर एकाच व्हर्जनवर आणले असते तर प्रश्न मिटला असता, पण जुन्या मशीनवर आणखी एक ॲप होतं, दुसऱ्या टीमचं, आणि त्यांना अपग्रेड इतक्यात जमणार नव्हतं.

माझं मत अजूनही तेच आहे. सगळे सर्व्हर एकाच ओएस व्हर्जनवर असतील, ॲप एकच असेल, टीम छोटी असेल, तर टार आणि सिमलिंक पुरेसं आहे आणि ते निवडायला कोणी लाजू नये. (ॲप गो भाषेत असतं तर एवढी चर्चाही झाली नसती, सी-गो, म्हणजे सी लायब्ररीशी जोडणी, बंद करून एक स्टॅटिक बायनरी काढायची आणि कॉपी करायची.)

डेबचा विचार दोन दिवस केला. त्यात एक गोष्ट फार आवडली. पीडीएफसाठी पँगोसारख्या सिस्टम लायब्ररी लागतात, त्या डेबमध्ये डिपेंडन्सी म्हणून लिहिल्या की ॲप्ट स्वतः आणतो, टारमध्ये ते सगळं आपल्या लक्षात ठेवावं लागतं. पण दोन ओएससाठी दोन डेब बनवावे लागले असते, म्हणजे एकच वस्तू सगळीकडे हे तत्त्वच गेलं. शिवाय एका नावाच्या पॅकेजचं एकच व्हर्जन एका वेळी बसतं, मागे जायचं तर जुनं परत इन्स्टॉल. आणि मायग्रेशन पोस्टइन्स्टमध्ये (पॅकेज बसल्यावर चालणारी स्क्रिप्ट) घालायचा मोह प्रत्येकाला होतोच, ते मध्ये फसलं की पॅकेज अर्धवट कॉन्फिगर अवस्थेत अडकतं आणि मग डीपीकेजीशी झटापट. कुबरनेटिसबद्दल (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारी व्यवस्था, म्हणजे ऑर्केस्ट्रेटर) पाच मिनिटं बोललो, दोन सर्व्हर आणि चार माणसं, नको म्हटलं.

राहिला डॉकर. दोन ओएसचा तिढा त्याने सुटत होता, कारण होस्टचा फक्त कर्नल वापरला जातो, ग्लिबसी, ओपनएसएसएल, पायथन, पँगो सगळं इमेजच्या, म्हणजे कंटेनर जिच्यातून चालतो त्या तयार पॅकेटच्या, आत. तोच निवडला, ऑर्केस्ट्रेटर न घेता, साधं कंपोज, आणि डेटाबेस होता तिथेच ठेवला. डॉकरफाइलमध्ये आधी लॉक फाइल कॉपी करून इन्स्टॉल, मग कोड, म्हणजे कोड बदलला तरी पॅकेजेसचा लेयर कॅशमधून येतो. पहिली इमेज १.२ जीबीची झाली होती, कंपायलर आणि नोड बिल्डच्या वेगळ्या स्टेजमध्ये ठेवल्यावर ३४० एमबी.

पण डॉकरने स्वतःचे प्रश्न आणले, आणि ते कोणी आधी सांगितले असते तर बरं झालं असतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पहिला आणि सगळ्यात गंभीर. सर्व्हरवर यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) चालू होतं, गनिकॉर्नचा ८००० पोर्ट बाहेरून बंद, असं आम्ही मानत होतो. डॉकर पोर्ट पब्लिश करताना आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची नेटवर्क नियमांची यादी) स्वतःचे नियम लिहितो आणि कंटेनरकडे जाणारे पॅकेट यूएफडब्ल्यू जिथे तपासतो त्या रस्त्याने जातच नाहीत. म्हणजे यूएफडब्ल्यू स्टेटस बंद दाखवत होतं आणि पोर्ट जगाला उघडा होता. ॲक्सेस लॉगमध्ये एनजिनएक्सचा सोडून भलतेच आयपी दिसले तेव्हा कळलं. आता पोर्ट नेहमी आतल्या नेटवर्कच्या आयपीला बांधतो, नुसता नंबर कधीच लिहीत नाही, आणि बाहेरच्या मशीनवरून पोर्ट तपासून बघतो.

दुसरा, वर्करचा. डिप्लॉय केलं की अधूनमधून पीडीएफ अर्धवट राहायच्या. डॉकर स्टॉप म्हटल्यावर कंटेनरमधल्या पहिल्या प्रोसेसला टर्म सिग्नल जातो, १० सेकंद वाट बघितली जाते आणि मग सरळ किल. सेलरीला टर्म मिळाला तर तो हातातलं काम संपवून थांबतो. पण आमची पहिली प्रोसेस सेलरी नव्हतीच, ती सुरू करणारी शेल स्क्रिप्ट होती, आणि शेल तो सिग्नल पुढे देत नाही. म्हणजे सेलरी दर वेळी काही न कळता मारला जात होता. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत एक्झेक लावलं, म्हणजे शेलची जागा सेलरीच घेतो, आणि थांबायची मुदत २ मिनिटं केली. एका शब्दाचा फरक, शोधायला दोन दिवस.

लॉगचं थोडक्यात: डिफॉल्ट जेसन-फाइल ड्रायव्हर लॉगला कुठलीच मर्यादा लावत नाही, डिस्क ९० टक्क्यांवर गेली तेव्हा समजलं. मर्यादा डिमनच्या सेटिंगमध्ये घातली तरी ती आधीपासून चालू असलेल्या कंटेनरला लागत नाही, ते नव्याने बनवावे लागतात.

आणि मग तो जुना आजार नव्या वेशात परत आला. सुरुवातीला आम्ही इमेजला लेटेस्ट टॅग देत होतो. लेटेस्ट म्हणजे सगळ्यात नवीन अशी काही हमी नाही, ते एक नाव आहे, कोणीतरी शेवटी ज्याला चिकटवलं ते. एकदा एका सर्व्हरने दुपारची इमेज घेतली आणि दुसऱ्याने संध्याकाळची, दोघांवर लेटेस्ट लिहिलेलं. त्याच आठवड्यात लेटेस्ट बंद केलं, आता टॅग म्हणजे गिट कमिटचा हॅश, दुसरं काही नाही.

स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) तपासलेलीच इमेज प्रॉडक्शनला (खऱ्या वापराच्या सर्व्हरला) जावी यासाठी आणखी एक गाठ सोडवावी लागली. रिॲक्टच्या बिल्डमध्ये एपीआयचा पत्ता बिल्डच्या वेळीच भाजला जातो, त्यामुळे दोन्हीकडे वेगळी इमेज लागत होती. पत्ता नुसता सापेक्ष ठेवला, त्याच डोमेनवर एपीआय, आणि बाकी सगळं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून.

डिप्लॉय आता असं चालतं. मायग्रेशन नव्या इमेजमधून आधी वेगळं चालतं. एक सर्व्हर एनजिनएक्समधून बाहेर काढायचा, नवा टॅग लावायचा, हेल्थचा पत्ता विचारायचा, आणि तो पत्ता नुसतं ओके म्हणत नाही, आत चालू असलेला कमिट हॅश परत देतो. हॅश जुळला तरच सर्व्हर परत आत आणि मग दुसरा. सगळं झाल्यावर स्क्रिप्ट दोघांनाही पुन्हा विचारते आणि दोन उत्तरं सारखी नसतील तर ओरडते. नाइट कॅपिटलचं प्रकरण मी टीमला इथे सांगितलं होतं. १ ऑगस्ट २०१२ ला त्या अमेरिकन कंपनीच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड जायचा राहिला, तिथल्या जुन्या निकामी कोडने भलत्याच ऑर्डर पाठवायला सुरुवात केली आणि सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरपेक्षा जास्त नुकसान झालं. आठवा सर्व्हर काय चालवतोय हे विचारणारं कोणी नव्हतं. आमचा दुसरा सर्व्हर चार दिवस मेलेला होता आणि आम्हीही विचारलं नव्हतं, त्यामुळे ही तपासणी माझ्यासाठी डॉकरपेक्षा मोठी सुधारणा आहे.

मागे जायला आता मिनिटभर लागतं, जुनी इमेज सर्व्हरवरच असते, फक्त टॅग बदलायचा. डेटाबेस मात्र असा मागे जात नाही, म्हणून कॉलम काढायचा असेल तर तो वापरणारा कोड एका रिलीजमध्ये काढतो आणि कॉलम त्याच्या पुढच्या रिलीजमध्ये. कॉलमचं नाव बदलणं तर एका पायरीत आम्ही करतच नाही.

पॅकेजेसच्या अपडेटसाठी आता दर महिन्याला लॉक फाइल मुद्दाम नव्याने काढतो. मध्यंतरी एका लायब्ररीने तसंच काहीतरी काढून टाकलं होतं, दुपारी सीआयचं बिल्ड लाल झालं, अर्ध्या तासात आम्ही ते दुरुस्त केलं, आणि सर्व्हरवर त्या वेळी जुनी इमेज निवांत चालू होती.

एक काम मात्र वाढलंय, आणि ते निवडीच्या वेळी आमच्या लक्षात आलं नव्हतं. आधी सर्व्हरवर ॲप्ट अपग्रेड मारलं की ओपनएसएसएलचा सिक्युरिटी पॅच ॲपलाही मिळायचा. आता ॲप वापरतं ते ओपनएसएसएल इमेजच्या आत आहे, होस्ट कितीही अपग्रेड केला तरी ते जुनंच राहतं. म्हणून कोडमध्ये काही बदल नसला तरी दर सोमवारी सकाळी बेस इमेज नव्याने ओढून, कॅश न वापरता बिल्ड होतं. अशा बिल्डमध्ये कमिट तोच राहतो, मग टॅगही तोच राहील आणि परत एका नावाच्या दोन वस्तू होतील, म्हणून फक्त या बिल्डांसाठी हॅशच्या पुढे तारीख जोडतो, आणि हेल्थचा पत्ताही आता कमिटऐवजी हा पूर्ण टॅगच सांगतो.